मांजराचं घमेलं हलवायचंय? मग नागपंचमीलाच

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यावरून पुष्कळांचा समज होतो, की या प्राण्याला जागेचं काही पडलेलं नसतं. आज इथं, उद्या तिथं. प्रत्यक्षात ती सात घरं तिनं स्वतः हुंगून, पारखून निवडलेली असतात. माणसानं मात्र तिचं शी-शूचं घमेलं परस्पर पडवीतून उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवलं, की तीच मांजर पडवीतल्या जुन्या जागी येते, रिकाम्या फरशीवर दोनदा पंजा फिरवते आणि तिथंच बसते. घरचे म्हणतात, "मुद्दाम करते हो ही!"

मुद्दाम ती काहीच करत नाही. तिच्या लेखी संडास म्हणजे ते प्लास्टिकचं भांडं नव्हेच. तो कोपरा, तिथला वास, तिथवर जायची बिनधोक वाट आणि पायाखालची माती हे सगळं मिळून तिचा संडास होतो. भांडं हललं तरी बाकीच्या खुणा जुन्याच जागी उरतात.

रत्नागिरीच्या मांडवीत मांजरांना तोटा नाही. एका बाजूला काळ्या वाळूचा किनारा, जवळच मासळीचा राबता, त्यामुळे बाहेर हिंडणाऱ्या बोक्यांना घमेल्याची गरजही नसते. परसातली भुसभुशीत माती त्यांना पुरते. अडचण येते ती फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रात्री घरात घेतल्या जाणाऱ्या किंवा पावसाळ्यात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नसलेल्या मांजरांची. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा घमेलं हलवायची पहिली वेळ येते मृगाच्या सुमारास, पडवीत झड येऊ लागली की. दुसरी वेळ गणपतीआधीची. मखर जिथं मांडायचं त्या खोलीतला, नाहीतर पाहुण्यांच्या वाटेतला हा डबा घरच्यांच्या डोळ्यांत खुपू लागतो. पहिल्या वेळेला निदान घर शांत असतं. दुसरीला मुंबईहून चाकरमानी येऊन उतरलेले, रंगाचा वास, आरत्या, झांजा आणि भरीस भर म्हणून घमेलंही जागेवर नाही!

अशा वेळी मांजराचं काय होतं, याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ३२ मांजरांवर ७७ आठवडे नजर ठेवली. त्यांतल्या काहींना मूत्राशयाचा जुना त्रास होता, काही धडधाकट होती. जेवणाची वेळ बदलणं, रोजचा सांभाळणारा माणूस न येणं असे घोळ ज्या आठवड्यांत झाले, त्या आठवड्यांत धडधाकट मांजरंही कमी खाऊ लागली, ओकू लागली, डब्याबाहेर घाण करू लागली. घरातल्या उत्सवाला हे लावून पाहिलं तर हिशेब सोपा आहे. उत्सवाचा बदल टळणारा नाही. घमेल्याचा बदल मात्र आधी उरकून ठेवता येतो. नारळी पौर्णिमा आणि गणेश चतुर्थी यांच्यामधे जेमतेम १८-१९ दिवस असतात. नागपंचमीला सुरुवात केली तर सुमारे चार आठवडे हाताशी येतात, आणि तेच बरे. चतुर्थीच्या आदल्या रात्री, मखराला खिळे ठोकता ठोकता घमेलं उचलणं ही सगळ्यांत वाईट वेळ.

आता जागा कोणती? माणसाला वाटतं, दिसणार नाही अशी. मांजराला हवी असते, जिथून सगळं दिसेल अशी. शी-शूला बसलेलं मांजर काही क्षण निराधार असतं, त्यामुळे पाठीशी भिंत आणि समोर मोकळी नजर हवी. जमल्यास निघायला दोन वाटाही हव्यात. घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण एकच तोंड असलेल्या बोळकांडीत दुसरा बोका दबा धरून बसला की आतलं मांजर पुन्हा तिकडे फिरकत नाही. खाण्याच्या बशीपासून आणि पाण्यापासून घमेलं लांब हवं. या बाबतीत मांजर माणसाइतकंच सोवळं पाळतं.

कौलारू घरांत मागची पडवी चांगली, फक्त झड न येणारा कोपरा पाहावा. जिन्याखालची जागा पुष्कळांना आदर्श वाटते, पण लाकडी जिना असेल आणि वरून मुलांची धावपळ चालत असेल, तर डोक्यावरच्या धडधडीनं मांजर अर्धवट उठून पळतं. पोटमाळा नकोच, म्हाताऱ्या मांजराला चढवत नाही. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे तपासणाऱ्या २००२ च्या एका अमेरिकी पाहणीत १०० पैकी ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली होती. त्यांतली बरीचशी लंगडत नसतात, कण्हत नसतात. फक्त उंच काठाच्या डब्यात पाय टाकायचं टाळतात. अशांना घमेल्याचा एक काठ कापून चार बोटांवर आणून द्यावा.

फ्लॅटमध्ये बहुतेकांचा हात बाथरूमकडे जातो. तिथं दोन गोष्टी नडतात. एक वॉशिंग मशीन. मांजर बसलेलं असताना एकदा जरी ते गरगरायला लागलं, तरी ती आठवण पुसायला महिना लागू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे दार. एरवी उघडं असणारं बाथरूम पाहुणे आले की आतून बंद, एकामागून एक आंघोळी चालूच. मांजर दाराबाहेर दोन फेऱ्या मारतं आणि मग कोणाच्या तरी बॅगेवर किंवा ओल्या टॉवेलांच्या ढिगावर मोकळं होतं. ज्या घरात दहा माणसं उतरणार आहेत, तिथं एकुलतं एक बाथरूम ही घमेल्याची जागा असूच शकत नाही. त्यापेक्षा ग्रिल लावलेल्या बाल्कनीचा आतला कोपरा किंवा निजायच्या खोलीतली कपाटामागची जागा परवडली. देवघराशेजारची जागा मांजराला चालते; घरातल्या आजींना चालणार नाही. तिथं वाद घालण्यात अर्थ नाही, दुसरा कोपरा शोधावा.

जागा ठरली की खरं काम सुरू होतं. हलवण्याच्या रीती दोन. जुनी आणि नवी जागा एकाच खोलीत असेल, तर घमेलं रोज हातभर सरकवत न्यावं. मांजरानं एखाद्या दिवशी नाक मुरडलं, तर त्या दिवसाचा हातभर मागे घ्यावा आणि दोन दिवस थांबावं. बस्स. पण पडवीतून माजघर ओलांडून पलीकडे न्यायचं असेल, तर ही सरकवासरकवी वेडेपणाची आहे. अर्धे दिवस घमेलं भर वाटेत, कोणीतरी अडखळणार, उंबऱ्याशी आलं की पुढं कसं न्यायचं हा पेच. तिथं दुसरी रीत बरी: दुसरं घमेलं आणायचं.

नवं घमेलं नव्या जागी ठेवावं आणि जुनं जिथल्या तिथं राहू द्यावं. जुन्यातली मूठभर वापरलेली माती, शक्यतो लघवीचा एक गोळा, नव्यात टाकावा, म्हणजे वासाची पाटी लागली. मांजराला उचलून त्यात नेऊन बसवू नये आणि त्याचा पंजा धरून माती उकरून दाखवू नये. माणसाला हे शिकवणं वाटतं, मांजराला पकडणं वाटतं. ते आपणहून येतं. आधी लांबून नाक पुढं करतं, मग एक पुढचा पाय काठावर ठेवून थांबतं, आत एकदा पंजानं ओढून पाहतं आणि बहुतेकदा पहिल्या दिवशी तसंच निघून जातं. त्यावर काही करायचं नाही. नवं घमेलं दिवसातून दोनदा साफ ठेवावं, जुनं एकदा. चोखंदळ मांजर स्वच्छ बाजूला झुकतंच. सलग चार-पाच दिवस नव्यातच गोळे सापडू लागले, की जुनं एक-दोन फूट नव्याच्या दिशेनं हलवावं, आणि तरीही ते कोरडंच राहिलं तर उचलावं. कोणाला आठ दिवस लागतात, कोणाला तीन आठवडे. लाजऱ्या, एकलकोंड्या मांजराला जास्तच.

खरं तर दुसरं घमेलं कायमचंच राहिलं तर उत्तम. पशुवैद्यक सहसा जितकी मांजरं तितकी घमेली, अधिक एक, असा हिशेब सांगतात. एका खोलीच्या घरात हे जड आहे हे खरं, पण निदान उत्सवाच्या दहा दिवसांपुरतं तरी जमवावं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं. जागा बदलताना बाकी काही बदलायचं नाही. तीच माती, तेवढाच थर, त्याच आकाराचं भांडं. नव्या जागी शोभावं म्हणून झाकणवाला, दारवाला बॉक्स याच मुहूर्तावर आणायचा मोह होतो. झाकण मुळातच वाईट असं नाही; २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ मांजरांना झाकणाचा आणि बिनझाकणाचा असे दोन्ही बॉक्स दिले, तेव्हा बहुतेकांनी दोन्ही सारखेच वापरले. मात्र जागा नवी, भांडं नवं आणि मातीही नवी असं तिन्ही एकदम झालं, की नकार नेमका कशाला आहे हेच कळत नाही.

भांड्याच्या आकाराबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट भांडं हवं. दांडग्या बोक्याला ते जवळजवळ ७० सेंटिमीटर होतं. बाजारातले बरेचसे ट्रे आणि बांधकामाचं घमेलं यापुढं तोकडंच. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा खोका एका बाजूनं कापून घेतला तर स्वस्तात काम होतं.

आणि त्यात घालायचं काय? मांडवीत पहिली नजर जाते ती समोरच्या वाळूवर. फुकट, मऊ, मांजराला आवडणारीही. पण रत्नागिरीच्या या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात, त्यामुळे भरलेलं घमेलं उचलताना कंबर धरते. समुद्राचं मीठ हवेतली ओल ओढतं, वाळू लघवी शोषत नाही, ती तळाशी साचते आणि तिसऱ्या दिवशी घर दरवळतं. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलण्यावर कायद्याची बंधनं आहेत. सॉमिलचा भुसा वास बरा दाबतो, हलकाही असतो; फक्त तो पायाला चिकटून घरभर फिरतो. चुलीची राख वापरायची पद्धत जगभर होती. अमेरिकेत मिशिगनमध्येही १९४७ च्या जानेवारीत एक बाई राखेच्या काळ्या पावलांना कंटाळून शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे वाळू मागायला गेली. लो यांचा धंदा शोषक माती विकण्याचा होता. त्यांनी वाळूऐवजी भाजलेल्या चिकणमातीची पिशवी दिली, आणि त्या पिशवीतून मांजरांच्या मातीचा मोठा उद्योग उभा राहिला. गोळे होणारी बेंटोनाइटची माती आली ती १९८० च्या दशकात. आपल्याकडे बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी कच्छात आहेत.

बहुतेक मांजरांना ही बारीक, बिनवासाची, गोळे होणारी माती पसंत पडते. थर तीन-चार सेंटिमीटरचा पुरे. गुलाबाचा नाहीतर लॅव्हेंडरचा वास माणसाच्या समाधानासाठी असतो, मांजराला तो नाकात जातो. कोकणच्या पावसाळ्यात उघडी पिशवी आठवड्यात सर्द होते, म्हणून माती झाकणाच्या घट्ट डब्यात ओतून ठेवावी. मांजर चारही पाय काठावर तोलून आत न उतरता बसत असेल, किंवा बाहेर आल्यावर पंजे झटकत असेल, तर त्याचं भांडण जागेशी नसून मातीशी आहे असं समजावं.

प्रत्यक्ष गणपतीच्या दिवसांत घमेल्याची खोली शक्यतो पाहुण्यांना निजायला देऊ नये. दाराला फळीचा तुकडा किंवा जुनी चप्पल अडकवावी, म्हणजे ते वाऱ्यानं आपटत नाही आणि कोणी ओढूनही घेत नाही. जेवणाची वेळ आरतीपायी पुढंमागं होऊ देऊ नये. मांजराला नैवेद्याचं कारण कळत नाही. मांडवीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: शहरातले गणपती विसर्जनाला इथल्याच किनाऱ्यावर येतात. दीड दिवसाचे, मग गौरी-गणपती, शेवटी अनंत चतुर्दशी, असे ढोल-ताशे आणि फटाके रस्त्यावरून जातात. त्या संध्याकाळी मांजराला खाणं, पाणी आणि घमेलं यांसकट आतल्या खोलीत ठेवून खिडक्या लावाव्यात. घमेलं रस्त्याकडच्या बाल्कनीत ठेवलं असेल, तर त्या संध्याकाळपुरतं दुसरं घमेलं आत हवंच.

एवढं करूनही एखादा डाग पडतो. मांजराचं नाक त्यात घासणं, फटका मारणं, यातून त्याला एवढंच कळतं की माणसासमोर मोकळं होणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली करू लागतं. ओरडण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, आणि पुसायला काय घेता याला जास्तच महत्त्व. आपल्या घरांत हात आधी फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात फिनेल विष आहे. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करायला लागणारी यकृताची एक यंत्रणा मांजरात अगदी दुबळी असते, आणि फिनेलवर चाललेले पंजे ते चाटतंच. डांबरगोळ्याही तशाच घातक. अमोनियाची द्रावणं लघवीसारखीच वास मारतात, म्हणजे पुन्हा इथंच या असं निमंत्रण. ब्लीच लघवीवर ओतलं तर दोन्हींतून निघणारा वायू माणसाच्याही घशाला झोंबतो. साबणाच्या पाण्यानं पुसून, वर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण सांगितलेल्या वेळेपुरतं राहू देणं, हा खात्रीचा उपाय. व्हिनेगरचा सल्ला सर्रास दिला जातो, पण शहाबादी फरशी चुनखडीची असते, तिला आम्ल खातं. जांभ्याचा चिरा आणि कोबा लघवी आत ओढून घेतात, आणि दमट हवेत दबलेला वास पुन्हा वर येतो. तिथं द्रावण दोन-तीनदा लावावं लागतं. सारवलेली जमीन असेल तर वरचा थर खरवडून नव्यानं सारवणं सोपं. वास गेला, की त्या जागी खाण्याची बशी किंवा चटई ठेवावी.

मात्र दरवेळी दोष जागेचाच असतो असं धरून चालू नये. मांजर, विशेषतः बोका, पुन्हा पुन्हा घमेल्यात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो आणि माती कोरडीच राहते, किंवा लघवीत रक्त दिसतं, तर ती तातडीची वेळ आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. "गणपती झाले की बघू" हे तिथं चालत नाही. सणात डॉक्टरही गावाला जातात, म्हणून सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि एखादा खासगी डॉक्टर सणात उघडा असेल का, हे आधीच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. साधारण मांजर दिवसाला दोन ते चार वेळा लघवी करतं. रोज गोळे मोजायची सवय असेल तर फरक पहिल्याच दिवशी लक्षात येतो.

बोका उभ्यानं, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल, तर तो हद्द आखतोय. त्याला घमेल्याची जागा कितीही बदला, नसबंदीशिवाय फारसा उपयोग नाही.

राहता राहिला कचरा. वापरलेली माती कमोडमध्ये ओतू नये; बेंटोनाइट पाण्यात फुगून पाइप चोंदवतं. परसामागच्या पऱ्यात किंवा गटारात तर मुळीच टाकू नये, कारण तिथलं पाणी शेवटी समुद्रातच जातं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरांच्या मरणाशी त्याचा संबंध आढळल्यावर २००६ साली तिथं कायदा झाला, आणि मांजरांच्या मातीच्या पिशवीवर विष्ठा गटारात न टाकण्याची सूचना छापणं सक्तीचं झालं. हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो, तेव्हा रोजच्या रोज गोळे काढले तर धोका बराचसा संपतो. घरात गरोदर सून-लेक असेल तर हे काम दुसऱ्या कोणी करावं. ते शक्यच नसेल तर तिनं हातमोजे घालावेत आणि नंतर साबणानं हात धुवावेत. भुसा वापरत असाल तरी तो भाजीच्या वाफ्यात घालू नये. पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्यावा, किंवा विहिरीपासून दूर खड्डा करून पुरावा.

विसर्जनानंतर मखर निघतं, खोली मोकळी होते आणि घमेलं परत पूर्वीच्या जागी न्यायची घाई सुरू होते. नवी जागा मांजरानं पत्करली असेल आणि माणसांना नडत नसेल, तर तिथंच राहू द्यावं. न्यायचंच असेल तर पुन्हा दोन घमेली, पुन्हा तेवढेच दिवस.